तारखेला एकट्याने जाऊ नका

(संघटनेच्या दोन दिवसांच्या कायदा शिबिरात आमच्या एका कार्यकर्त्या बाईंनी केलेले भाषण टिपून घेऊन येथे देत आहोत. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. ज्या पाड्यावर वाचणारे मोठे माणूस नाही तिथे शाळेतल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.)



सकाळी वकीलभाऊंनी कायदा सांगितला. चांगला सांगितला, पण मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या मला म्हणाल्या, बाई, हे सगळं खरं, पण आमच्याकडे वकील नाही, मग आम्ही काय करायचं? मी त्याच्यावरच बोलणार आहे. मी सातवी शिकले. कोर्टाची पायरी मी नवऱ्याच्या घरी आल्यावर पहिल्यांदा बघितली. तेव्हा कलमं कमी सांगेन, आमच्या घरात काय झालं ते जास्त सांगेन.

माझा सासरा लग्नगडी होता. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. लग्नाला शेठकडून पैसे आणि भात उचलायचं, मग नवराबायको दोघांनी त्याच्या वाडीवर राबायचं, फिटेपर्यंत. ते काही फिटायचं नाही. सासूसासऱ्याच्या लग्नाचं कर्ज फिटलं नाही म्हणून १९६१ साली तीन एकर भाताची जमीन शेठच्या नावावर चढली. खरेदीखतात किती रुपये लिहिले ते सासऱ्याला कधी सांगता आलं नाही. त्याला आठवायचं ते एवढंच, की त्या दिवशी शेठने त्याला हॉटेलात बसवून भजी खाऊ घातली होती.

आता १९७४चा कायदा तुम्ही सकाळी ऐकला. आदिवासीची जमीन १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेली असेल, मग विकत गेली असो, गहाण गेली असो, नाहीतर बक्षीस म्हणून लिहून घेतलेली असो, ती चौकशी करून मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत द्यायची. ६ जुलै १९७४ नंतर तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेताच येत नाही. हे झालं कागदावरचं. आमची केस मामलेदार कचेरीत लागली तेव्हा आम्हाला वाटलं, वकील कुठून आणायचा? वकिलाला द्यायला घरात बकरीसुद्धा नव्हती. तर कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं की या केसला वकील चालतच नाही.

आम्हाला वाटलं तो थट्टा करतो. पण ते खरं आहे. त्या कायद्यात ९-अ नावाचं एक कलम नंतर घातलेलं आहे. या कायद्याखालच्या चौकशीत कोणत्याही बाजूने वकील उभा राहायचा नाही. मामलेदारापुढे नाही, कलेक्टरपुढे नाही, कमिशनरपुढे नाही, रेव्हेन्यू ट्रायब्युनलपुढे नाही. हे कलम आपल्यासाठी घातलंय. शेठकडे पैसे आहेत, तो जिल्ह्याचा मोठा वकील आणणार आणि आपण लंगोटीवर उभे, ही कुस्ती बरोबरीची नाही, म्हणून. जमीनवाले लोक याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. वकील नेण्याचा आमचा हक्क काढून घेतला म्हणाले. १९८४च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कायदाही बरोबर आणि ९-अ कलमही बरोबर. पकडून अटकेत ठेवलेल्या माणसाला वकिलाचा हक्क घटनेनेच दिलाय, तो काढता येत नाही, पण जमिनीच्या अशा चौकशीत वकील पाहिजेच असा मूलभूत हक्क कोणाचा नाही.

ऐकायला बरं वाटतं. पण तारखेच्या दिवशी काय झालं ते ऐका.

शेठ आला, त्याचा थोरला मुलगा आला, मुनीम आला. वकील नव्हता. पण मुलाच्या हातात टाइप केलेलं सात पानांचं लेखी उत्तर होतं. ते काय शेठने घरी बसून लिहिलं? वकील दाराबाहेर राहिला, त्याचा कागद आत आला. आणि आमचा सासरा एकटा. माझा नवरा भट्टीवर कामाला होता, मी बाळंतीण. सासरा आदल्या रात्री चालत निघाला, सकाळची एसटी धरून वेळेवर पोचला, एवढं त्याने केलं.

साहेबाने विचारलं, जमीन परत मिळाली तर कोण कसणार? सासरा म्हणाला, मी आता म्हातारा झालो, पोरं कसतील. साहेबाने विचारलं, पैसे भरावे लागतील, भरशील का? सासरा म्हणाला, कुठून भरू साहेब? झालं. पाच मिनिटं लागली असतील. कारकुनाने लिहिलं आणि सासऱ्याने अंगठा दिला.

काय लिहिलं होतं ते आम्हाला पुढे कळलं. "अर्जदार स्वतः जमीन कसण्यास तयार नाही. रक्कम भरण्यास असमर्थ आहे." आणि या दोन वाक्यांवर आमचा अर्ज निकाली काढला.

का? त्या कायद्यात जमीन परत मागणाऱ्याने दोन गोष्टी कबूल करायच्या असतात. एक, मी स्वतः कसेन. दोन, ठरेल ती रक्कम भरेन. बाकी तुमचा अन्याय, कर्ज, भजी, काय असेल ते असो, या दोन प्रश्नांना हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. आणि सासरा खोटं काहीच बोलला नव्हता. पोरं कसतील म्हणजे घरचेच कसतील. घरच्या माणसांनी आपल्या कष्टाने कसलं तर कायद्यात ते स्वतः कसणंच असतं. पण हे सांगायला तिथे कोण होतं? आणि रक्कम म्हणजे किती, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं आजच्या भावाने जमीन विकत घ्यायची. अहो, ती रक्कम आकाराच्या अठ्ठेचाळीस पट असते. आकार म्हणजे सातबाऱ्यावर लिहिलेली सरकारी पट्टी. आमच्या जमिनीचा आकार ३ रुपये २५ पैसे. करा हिशेब. १५६ रुपये! आणि ते हप्त्यानेही भरता येतात. १५६ रुपयांसाठी म्हातारा "कुठून भरू" म्हणाला आणि तीन एकर घालवून आला. त्याची चूक नाही. त्याला एकट्याला पाठवला ही आमची चूक.

म्हणून मी म्हणते, तुम्हाला वकील नसला तरी चालतं, पण मदत नसली तर चालत नाही. आणि ती मदत तारखेच्या दिवशी कचेरीच्या दारात शोधायची नसते. तारखेच्या आठ दिवस आधी आपल्या पाड्यावर बसून शोधायची असते.

आम्हाला मदत कुठे मिळाली तेही सांगते, कारण आम्हाला ती भलत्याच ठिकाणी मिळाली. निकालाचा कागद कोतवालाने घरी आणून दिला, सासऱ्याने अंगठा देऊन घेतला आणि कुडात खोचून ठेवला. काय आहे ते कोणाला माहीत नाही. रेशनकार्डाचं काही असेल असं वाटलं. महिना गेला. एक दिवस मी दुसऱ्याच कामाला, जातीच्या दाखल्यासाठी, कचेरीत गेले. पायऱ्यांवर एक म्हातारा बसलेला, डोंगरापलीकडच्या पाड्याचा, कोकणा. बोलता बोलता जमिनीचा विषय निघाला. त्याची स्वतःची केस सहा वर्षं चाललेली. तो म्हणाला, पोरी, तुमचा निकाल लागला असणार, घरी जाऊन कागद बघ. तुमच्याविरुद्ध असला तर मुंबईला ट्रायब्युनलात अपील कर. कागद मिळाल्यापासून साठ दिवस असतात, एकसष्टाव्या दिवशी रडून उपयोग नाही.

मी घरी आले, कूड उचकटला, कागद काढला. धुराने पिवळा झालेला. तारीख मोजली तर अडतीस दिवस गेलेले. बावीस राहिले होते.

तेव्हा मदत करणारं पहिलं माणूस कोण, तर ज्याची केस तुमच्यासारखीच आधी चालली आहे ते. त्याला कलम पाठ नसेल, पण कुठल्या टेबलावर काय मागायचं, कोणता कारकून सरळ बोलतो, कोणत्या कागदावाचून साहेब परत पाठवतो, हे त्याला माहीत असतं. कचेरीच्या पायरीवर बसलात तर गप्प बसू नका. शेजाऱ्याला विचारा, तुमचं काय काम आहे, तारीख कितवी. आपल्या संघटनेत आता असे किती लोक आहेत! प्रत्येक पाड्यावर एखादी केस जिंकलेला नाहीतर हरलेला माणूस आहे. हरलेला जास्त कामाचा, त्याला कुठे पाय घसरला ते माहीत असतं.

दुसरी मदत लिहिणाऱ्याची. आमचं अपील आश्रमशाळेच्या गुरुजींनी लिहून दिलं. त्यांना कायदा येत नव्हता. आम्ही सांगितलं, त्यांनी शुद्ध मराठीत उतरवलं, मग आम्हाला वाचून दाखवलं आणि सासऱ्याने सांगितलं, इथे चुकलं, मी असं म्हणालो नव्हतो. दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं. अर्जनवीस पैसे घेऊन अर्ज लिहून देतो, त्यात वाईट काही नाही, तो त्याचा धंदा आहे. पण त्याच्याकडून लिहून घ्यायचं तर त्याचं रेडिमेड वाक्य घेऊ नका. "मी गरीब आदिवासी असून माझ्यावर दया व्हावी" असं तो लिहितो. दया कशाला? जमीन कधी गेली, गट नंबर काय, शेठचं नाव काय, तुम्ही किंवा तुमचे वडील आदिवासी असल्याचा दाखला कोणता, आणि आम्ही स्वतः कसू, ठरेल ती रक्कम भरू, एवढं ठळक पाहिजे. तुम्हाला वाचता येत नसलं तरी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या. दोघांनी सारखंच वाचलं तर अंगठा द्या. हा उपाय माझ्या सासूचा आहे, वकिलाचा नाही.

आणि एक माणूस असतो, तो मदतीसारखा दिसतो पण मदत नसतो. चिंचेखाली उभा असतो, पायजमा इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं. तुम्ही एसटीतून उतरलात की तुमचं नाव विचारतो. म्हणतो, साहेब आपला माणूस आहे, दोनशे दे, काम करून देतो. आमच्या गावच्या एकाकडून त्याने तीन वर्षं पैसे नेले आणि तो अर्ज कधी दाखलच झालेला नव्हता. कसं कळलं? आवक नंबर नव्हता. तेव्हा हे घट्ट धरा. कुठलाही अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. त्याला पोच म्हणतात. पोच देत नसतील तर तिथून पोस्टात जायचं आणि तोच अर्ज पोचपावतीसकट पाठवायचा. ज्याची पोच नाही तो अर्ज तुम्ही दिलाच नाही असं समजा.

आता सोबत जाणाऱ्याचं. ९-अ मध्ये बंदी वकिलाला आहे. सोबत बसायला घरचं माणूस, कार्यकर्ता, शिकलेली मुलगी न्यायची नाही असं त्यात लिहिलेलं नाही. साहेबाला आधीच सांगायचं, साहेब, मला लिहिता येत नाही, ही माझी सून, सोबत बसू द्या. बहुतेक साहेब बसू देतात. पण सोबत्याने आपली जागा ओळखावी. आमच्यातला एक कार्यकर्ता इतका बोलायला लागला की साहेबाने त्याला बाहेर घालवला आणि त्याच्यामागून आमची म्हातारी घाबरून काहीच बोलली नाही. बोलायचं ज्याची जमीन त्याने. सोबत्याने कागद हातात द्यायचे, विसरलं तर आठवण द्यायची, आणि मुख्य म्हणजे जबाब लिहून झाल्यावर म्हणायचं, साहेब, वाचून दाखवा. अंगठ्याच्या आधी हे चार शब्द. साहेब, जबाब वाचून दाखवा. सगळ्यांनी म्हणा बघू एकदा. (सभेने म्हटले.) असं नाही, साहेबापुढे एवढ्या हळू आवाजात म्हणाल तर तो पुढच्याला हाक मारेल. (पुन्हा म्हटले.) हां.

वाचून दाखवल्यावर चुकीचं निघालं तर तिथेच सांगा, दुरुस्त करा म्हणा. करत नाहीत तर भांडू नका, बाहेर या, त्याच दिवशी साध्या कागदावर लिहा की आज माझा जबाब असा घेतला, मी असं नाही तर असं म्हटलं होतं, आणि आवकला देऊन पोच घ्या. तो कागद पुढे अपिलात तुमचा साक्षीदार होतो.

आमचं अपील बावीस दिवसांत गेलं. एकोणिसाव्या दिवशी. मुंबईला संघटनेचे भाऊ सोबत आले, ट्रायब्युनलात पण वकील नाही, शेठकडून मुनीम. सासऱ्याला आम्ही घरी पंधरा दिवस रोज रात्री विचारायचो. मी साहेब व्हायची. जमीन कोण कसणार? "मी आणि माझं घर." रक्कम भरशील? "भरीन, ठरेल ती." नातवंडं हसायची. पण तिथे उभं राहिल्यावर म्हाताऱ्याचा आवाज हलला नाही. केस परत तालुक्याला पाठवली, पुन्हा चौकशी करा म्हणून. पुन्हा तारखा, पुन्हा एसटी. दुसऱ्या चौकशीत शेठने नवीन काढलं. म्हणाला, मी विहीर खणली, आंबे लावले, बांध घातला, त्याची किंमत द्या. हे लक्षात ठेवा, अठ्ठेचाळीस पटीशिवाय जमिनीत सुधारणा केल्या असतील तर त्याची किंमत वेगळी मोजतात, म्हणून शेठलोक सुधारणांची यादी मोठी करतात. विहीर त्याची होती, ते आम्ही कबूल केलं. पण आंबे माझ्या आजेसासऱ्याने लावलेले. ते सांगायला पाड्यावरची तीन म्हातारी माणसं आली, त्यातली एक आंधळी. तिने साहेबाला सांगितलं कुठला आंबा कुठल्या बाजूला आहे आणि कुठल्याचा आंबट लागतो. साहेब हसला पण लिहून घेतलं.

तीन एकर होती. दोन एकर एकवीस गुंठे ताब्यात आली, मे महिन्यात, सर्कलने पंचनामा करून. उरलेली मोजणीत अडकली आहे, अजून अडकलीच आहे. सासऱ्याने त्यातल्या दोन एकरावर एक पावसाळा भात लावलं.

आता जंगलाच्या केसेसचं सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या त्याच आहेत. लाकूड तोडलं, पलाट नांगरला, बकऱ्या चारल्या. इथे नियम उलटा. जमीन परत मिळण्याच्या चौकशीत वकील चालत नाही, पण गार्डने किंवा पोलिसाने पकडून नेलं तर वकील हा तुमचा हक्क आहे. घटनेचं बावीसावं कलम. पकडल्यापासून, रस्त्याचा वेळ सोडून, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला पाहिजे आणि वकिलाला भेटू द्यायला पाहिजे. आणि वकिलाला द्यायला पैसे नसतील तर सरकारने द्यायचा. हे मॅजिस्ट्रेटने स्वतःहून सांगायचं असतं. अरुणाचल प्रदेशातला एक खटला होता, तिथे आरोपीने वकील मागितलाच नाही म्हणून दिला नाही आणि शिक्षा झाली. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली. म्हणाले, ज्याला हा हक्क आहे हेच माहीत नाही तो मागणार कसा?

तरीपण मॅजिस्ट्रेट सांगेल म्हणून वाट बघत बसू नका. त्याच्यापुढे तीस केसेस असतात. पुकारा झाला की हात जोडून उभं राहायचं आणि पहिलं वाक्य, साहेब, मला वकील नाही, मला सरकारी खर्चाने वकील पाहिजे. दुसरं काही बोलायच्या आधी हे. कारण तिथेही चिंचेखालचा माणूस पोचलेला असतो, कधी कधी खाकी कपड्यात. तो कानात सांगतो, गुन्हा कबूल म्हण, पन्नास रुपये दंड होईल, संध्याकाळी घरी. दिवसाची मजुरी बुडते, घरी पोरं उपाशी, माणूस कबूल म्हणतो. न केलेला पण कबूल. मग पुढच्या वेळी हा जुना गुन्हेगार. मी असं म्हणत नाही की कधीच कबूल करू नका, ज्याचं त्याने ठरवावं. पण कशाला हो म्हणतोय ते कळल्याशिवाय हो म्हणू नका. तुम्हाला समजत नसेल त्या भाषेत साक्ष चालली असेल तर समजेल अशा भाषेत सांगा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. आपल्या कातकरी भावांनी हे जास्त म्हणायला पाहिजे. साहेबाला वाटतं मान हलवली म्हणजे कळलं.

आणि दंड भरलाच तर पावती. जंगलात शेती केल्याबद्दल दंड झाला असेल त्याची पावती फेकू नका हो! गंमत बघा. सरकारने १९७८ साली ठरवलं की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ मध्ये जंगल जमिनीवर केलेली शेती नावावर करून द्यायची. मग विचारतात, तू तेव्हा कसत होतास याला पुरावा काय? पुरावा म्हणजे गार्डने केलेला दंड. ज्याने गार्डला कोंबडी देऊन पावती टाळली त्याच्याकडे पुरावा नाही, ज्याने दंड भरला त्याच्याकडे आहे. आमच्या पाड्यावर एकाने तशी पावती देवाच्या टोपलीत ठेवली आहे, बरोबर केलं.

फुकट वकील कसा मिळतो ते सांगते आणि थांबते. विधी सेवेचा कायदा १९८७चा, पण तो १९९५च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात लिहिलंय, अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील. किती कमावतो हे बघायचं नाही. बायकांना पण, कुठल्याही जातीच्या असोत. कोठडीत असलेल्याला पण. तालुक्याच्या कोर्टात समिती असते, तिथले सगळ्यात वरचे न्यायाधीश तिचे अध्यक्ष. साध्या कागदावर अर्ज, जातीच्या दाखल्याची नक्कल, तुमच्या केसचे कागद. पोच घ्यायची, ते सांगितलंच. असा दिलेला वकील तुमच्याकडून फी मागू शकत नाही. मागितली तर समितीला लिहून द्या. तारखेला येतच नसेल तर तेही लिहून द्या, दुसरा द्या म्हणा. काही चांगले असतात, खरंच मनापासून चालवतात. काही फक्त तारीख घेतात. म्हणून वकील मिळाला तरी तुम्ही तारखेला जायचंच, आणि आज काय झालं हे त्याच्या तोंडून ऐकून वहीत लिहून घ्यायचं. तो सांगायला थांबला नाही तर कोर्टाच्या कारकुनाला पुढची तारीख विचारायची. तारीख सांगायला तो पैसे मागत असेल तर भिंतीवर लावलेली यादी पोराला वाचायला लावा.

शिक्षा होऊन कोणी जेलात गेला असेल तर त्याला निकालाची नक्कल फुकट मिळायला पाहिजे आणि अपिलासाठी वकील पण. हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय. भेटीला जाल तेव्हा आधी विचारा, नक्कल मिळाली का. नसेल तर जेलरकडे अर्ज.

वकील अजिबातच नसला आणि साध्या कोर्टात उभं राहायचं असलं तर? आपली केस आपण स्वतः बोलायला कुठल्याही कोर्टात बंदी नाही. आणि एखाद्या जाणत्या माणसाने तुमच्या वतीने बोलावं असं वाटत असेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. अॅडव्होकेट्स अॅक्ट म्हणून १९६१चा कायदा आहे, त्याचं बत्तिसावं कलम. कोर्टाला वाटलं तर ते वकील नसलेल्या माणसालाही एखाद्या केसपुरतं उभं राहू देतं. देईलच असं नाही. आम्ही दोनदा मागितली, एकदा दिली. पण अर्ज लेखी करायचा, आणि तो माणूस पैसे न घेणारा पाहिजे.

एका बाईने मघाशी विचारलं, तारखेला जायलाच जमलं नाही तर? तापाने पडलो, नदीला पूर आला, तर? कोणाच्या तरी हाती मुदतीचा अर्ज पाठवा, कारण लिहून. काहीच पाठवलं नाही तर एकतर्फी निकाल होतो. तो झालाच तर गप्प बसू नका, कळल्याबरोबर धावा, किती दिवसांत कळलं त्यावर बरंच अवलंबून असतं. पावसाळ्यात आदल्या दिवशीच निघा. तालुक्याच्या गावी मुक्कामाला संघटनेची खोली आहे, ताडपत्री आहे, तांदूळ आपले आपण आणायचे.

येत्या सोमवारी तीन पाड्यांच्या पाच केसेस एकाच दिवशी लागल्या आहेत. ज्यांच्या केसेस नाहीत त्यांच्यातल्या पण दहाजणांनी यावं, बायका जास्त. आत सगळ्यांना घेणार नाहीत, बाहेर पायरीवर बसा. साहेब येताजाता बघतो.

आता जेवण आहे. जेवल्यावर ज्यांनी कागद आणलेत त्यांनी वडाखाली बसायचं. सातबारा-फेरफारवाले उजवीकडे, फॉरेस्टच्या पावत्या आणि समन्सवाले डावीकडे. ज्यांना आपला कागद कसला आहे तेच माहीत नाही, त्यांनी माझ्याकडे या, आपण आधी तो वाचू.